सैनिक पूर्वजाचा शोध आणि आपले लेखन

दलित साहित्यात आणि चळवळीच्या वाङ्मयात सैनिक पूर्वज पुन्हा पुन्हा भेटतो. तो कवितेत येतो, जलशात येतो, एक जानेवारीच्या भाषणात येतो, आत्मकथनात आजीच्या तोंडून येतो. त्याच्याविषयी आपण आदराने लिहितो. परंतु त्याच्याविषयी आपण नेमके काय जाणतो, आणि ते कशावरून जाणतो, हा प्रश्न आपल्या समीक्षेने गांभीर्याने घेतलेला नाही. प्रस्थापितांच्या इतिहासाला आपण पुराव्याचा जाब विचारतो, तो अधिकार आपण लढून मिळवला आहे. मग तोच जाब आपल्या लेखनालाही विचारला पाहिजे. या लेखात मी तो विचारणार आहे. त्यासाठी मी काही मजकूर तपासणार आहे : एक स्तंभ, काही अर्ज, गावोगावच्या संगमरवरी पाट्या, आणि माझ्या स्वतःच्या घराण्याचा एक फेरफार.

मी खेडचा, म्हणजे आजच्या राजगुरुनगरचा. आमच्या गावाजवळून वाहणारी भीमा पुढे कोरेगावला जाते. म्हणून कोरेगावच्या स्तंभापासूनच सुरुवात करणे योग्य.

१ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघालेली असताना कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी तिची गाठ पडली. तुकडीत मुंबई इलाख्याच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे सुमारे पाचशे पायदळ होते, सुमारे तीनशे घोडेस्वार होते आणि थोडे तोफखान्याचे लोक होते. स्तंभाची पायाभरणी १८२१ साली झाली. त्यावर लढाईत कामी आलेल्या ४९ जणांची नावे आहेत आणि त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. स्वतःच्या नावाला नाक, बापाच्या नावालाही नाक : रामनाक येसनाक, अशी ही नावे. पेशवाईच्या काळातल्या कागदांतही महारांची नावे याच धाटणीची सापडतात. शिदनाकाचे नाव आपल्या परिचयाचे आहेच.

आता आपल्या भाषणांतले वाक्य आठवा : पाचशे महारांनी अठ्ठावीस हजारांचा पराभव केला. हे वाक्य स्तंभावर कोठेही नाही. स्तंभावरच्या नावांतच महारांबरोबर इतर जातींचे व धर्मांचे लोक दिसतात. २८,००० हा आकडा पेशव्यांच्या एकूण फौजेचा आहे. प्रत्यक्ष गावावर चालून गेलेली पथके दोन हजारांच्या आसपासची होती. हे सांगितले की आपल्यातील काही कार्यकर्ते नाराज होतात. शत्रूच्या हातात कोलीत देऊ नका, असे ते म्हणतात. मला नेमके उलटे वाटते. २०१८ साली कोरेगावच्या परिसरात हिंसाचार झाला आणि त्यानंतर या इतिहासावर वाद पेटला, तेव्हा महारांचे योगदानच नाकारू पाहणाऱ्यांनी आपल्या फुगवलेल्या आकड्यावरच बोट ठेवले. पाचशेचा आकडा खोडता येतो. दगडात कोरलेली बावीस नावे कोणालाही खोडता येत नाहीत. गावकुसाबाहेर ठेवलेल्या, ज्यांची सावलीही नकोशी होती अशा माणसांची नावे बापाच्या नावासह दगडावर कोरली गेली, ही घटना सामाजिकदृष्ट्या स्वयंपूर्ण आहे. तिला आकड्याची जोड लागत नाही. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब या स्तंभाशी आले. त्यांच्यासारखा दस्तऐवज वाचणारा माणूस ज्या दगडापाशी उभा राहिला, तो दगड निदान नीट वाचणे हे आपले कर्तव्य आहे.

स्तंभानंतरच्या काळात मात्र नावे विरळ होत जातात. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या लष्करात महार मोठ्या संख्येने होते. पलटणीत मुलांसाठी शाळा होत्या, शिपायाला रोख पगार होता. गावातल्या येसकराला घरोघरी भाकर मागावी लागे, पलटणीतल्या त्याच्याच भावाला ती मागावी लागत नसे. या एका फरकातून आपली पहिली साक्षर पिढी उभी राहिली. गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि पलटणीच्या शाळेत शिक्षक होते. पुढे लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असा सिद्धान्त इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी स्वीकारला आणि १८९२ पासून महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या बळावर राज्य आले त्यांनाच बिनलढाऊ ठरवण्यात आले. वलंगकरांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला.

हे अर्ज आपल्या गद्याचे आरंभीचे नमुने आहेत आणि साहित्य म्हणूनही ते वाचले गेले पाहिजेत. पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला देऊन हक्क मागणे ही त्यांची रीत आहे. अर्ज या प्रकारात एका माणसाची कथा मागे पडते आणि समाजाची कथा पुढे येते, कारण मागणी समाजाची असते. तेव्हा ते आवश्यकच होते. परंतु अर्जाची ती भाषा आपण पुढे कवितेत, भाषणात आणि चरित्रात तशीच चालू ठेवली. ‘आमचे पूर्वज शूर होते’ हे वाक्य अर्जात शोभते, कारण तेथे ते सरकारला उद्देशून असते. आत्मकथनात तेच वाक्य आले की वाचकाला विचारावेसे वाटते : कोणते पूर्वज? नाव काय? कोणत्या पलटणीत?

हा प्रश्न मी माझ्या घरापुरता सोडवायचा प्रयत्न केला. आमच्या घरात ‘म्हातारा पलटणीत होता, एडनला होता’ एवढेच वाक्य चालत आलेले आहे. म्हातारा म्हणजे नेमका कोण, पणजोबा की त्यांचे वडील, हे सांगणारे आता कोणी नाही. एडन या शब्दावरून काळ ठरेल असे वाटते, पण ठरत नाही. १८३९ पासून १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्याशी जोडलेला होता आणि तेथे या इलाख्यातले सैनिक पिढ्यान्‌पिढ्या जात होते. तेव्हा म्हातारा १८९२ पूर्वीच्या भरतीतला असू शकतो आणि पहिल्या महायुद्धातलाही असू शकतो.

दुसरी अडचण गावाच्या नावाची. लष्करी नोंदीत शिपायाच्या नावाबरोबर बापाचे नाव, गाव आणि जिल्हा अशी माहिती असते. पण खेड नावाचे तालुके दोन आहेत : एक पुणे जिल्ह्यातला, एक रत्नागिरीतला. कोकणातून महारांची भरती मोठी होती. कोण्या नोंदीत नुसते ‘खेड’ असले आणि जिल्ह्याच्या जागी कागद फाटलेला असला, तर तो माणूस आमचा की कोकणातला हे सांगता येत नाही. त्यात इंग्रज कारकुनाच्या कानावर पडले तसे नाव. ‘नाक’ या दोन अक्षरांचेच रोमन लिपीत तीन प्रकारांनी लेखन होई. स्वातंत्र्यानंतर आमच्या गावाला हुतात्मा शिवराम हरी राजगुरूंचे नाव मिळाले आणि ते योग्यच झाले. परंतु शोधणाऱ्या मुलाला जुन्या कागदात राजगुरुनगर सापडणार नाही, त्याने खेड शोधावे, हेही सांगून ठेवले पाहिजे.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा सरकारला बिनलढाऊ महारांची आठवण झाली आणि १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले. १९२० मध्ये ती ७१ व्या पंजाबी पलटणीत मिसळली गेली आणि १९२१ मध्ये मोडण्यात आली. साध्या देशी शिपायाची सेवापत्रिका त्याच्या पलटणीच्या दप्तरात राहत असे. पलटण चालू राहिली तर दप्तर एका कोठारातून दुसऱ्या कोठारात जाते, कोणीतरी त्याचा धनी असतो. मोडलेल्या पलटणीच्या दप्तराला वारस नसतो. महारांच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा घडले. गरजेपुरती भरती आणि गरज सरल्यावर बंदी, या धोरणाने माणसांच्या नोकऱ्या गेल्या आणि त्यांच्यामागून त्यांचे कागदही गेले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, बाबासाहेबांच्या प्रयत्नांना यश आले, आणि तिच्या पहिल्या टोपीचिन्हावर कोरेगावचा स्तंभ आला. तेथपासूनचा इतिहास सलग आहे. त्याआधीचा तुटक आहे, आणि तो कोणाच्या निर्णयामुळे तुटला हे आपल्याला तारखेनिशी सांगता येते.

म्हणून ‘कागदपत्रे नष्ट झाली’ हे वाक्य मला अपुरे वाटते. कागद वाळवी खाते, पाण्यात भिजतो, आगीत जळतो. हे जगभर घडते. १९४० च्या सप्टेंबरमध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात लंडनचे एक कोठार जळाले आणि पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायांच्या निम्म्याहून अधिक सेवापत्रिका नाहीशा झाल्या. १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेत सेंट लुईस येथे आग लागली आणि १ कोटी ६० लाखांहून अधिक सैनिकांच्या फायली गेल्या. पण पुढे काय झाले ते पाहा. लंडनमधली जळकी पाने जपून ठेवली गेली आणि वाचायला खुली झाली. अमेरिकेत पगारपत्रके आणि इतर खात्यांचे कागद जमवून सैनिकाची सेवा पुन्हा सिद्ध करून देण्याचे काम सरकारी दप्तरानेच अंगावर घेतले. कागद जळाला तर तो जुळवण्याची जबाबदारी शासनाची, असे तेथे मानले गेले. आपल्याकडे ती जबाबदारी शिपायाच्या नातवावर येते. भेद आगीचा नाही. त्या शिपायाला नागरिक मानले होते की नाही, एवढाच भेद आहे.

स्मारकांतही हेच दिसते. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने महाराष्ट्रातल्या अनेक गावांत संगमरवरी पाट्या लावल्या. या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतके मेले, असा त्यांचा मजकूर. आकडा आहे, नाव नाही. गावात चावडीवर किंवा वेशीपाशी अशी पाटी असेल तर त्या आकड्यात महारवाड्यातला कोणी आहे का, हे पाटी सांगत नाही. इराकमध्ये बसरा येथे मोठे स्मारक आहे. तेथे इंग्रज शिपायाचे नाव भिंतीवर आले, हिंदी अधिकाऱ्याचे आले, आणि साध्या हिंदी शिपायांचा नुसता आकडा आला. युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या ब्रिटिश आयोगाने २०२१ साली हा भेदभाव अहवालात कबूल केला : किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांची, मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या लोकांची, नावाने नोंदच झाली नाही किंवा मुळीच झाली नाही, आणखी ४५,००० ते ५४,००० जणांचे स्मरण असमान रीतीने झाले, आणि त्यांत हिंदी सैनिक आहेत. कबुली शंभर वर्षांनी आली. तरीही ती उपयोगाची आहे, कारण ती आपल्या निष्कर्षाला दुजोरा देते : नावे राहिली नाहीत याचे मूळ कारण ती त्या पातळीवर मोलाची मानली गेली नाहीत.

याच्या उलट पंजाब पाहा. पंजाब सरकारने युद्धानंतर गाववार नोंदवह्या करवून घेतल्या. त्या लाहोरच्या संग्रहालयात राहिल्या. त्यांत सुमारे ३,२०,००० सैनिकांची माहिती आहे आणि २०२१ पासून त्यांतली काही पाने जगाला वाचता येऊ लागली आहेत. ज्या प्रांताला सरकारने लढाऊ ठरवले त्याची यादी गावागावाने झाली. खेड तालुक्यातला एखादा विद्यार्थी अशा यादीसाठी कोठे जाईल?

तो जाईल तहसील कचेरीत, आणि तेथे त्याला एक विलक्षण विसंगती भेटेल. मला ती भेटली. आमच्या घरी म्हाताऱ्याचा चांदीचा बिल्ला होता. अशा पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. लढणाऱ्या शिपायाला चांदीचे पदक मिळे आणि छावणीच्या नोकरचाकराला ब्राँझचे, म्हणजे धातूवरूनही दर्जा कळतो. १९७२ च्या दुष्काळात तो बिल्ला सोनाराकडे गेला. चुलीसाठी गेला, त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. कडेवरची अक्षरे कोणी उतरून घेतलेली नव्हती, कारण ती वाचू शकेल असे घरात कोणी नव्हते. लष्कराने दिलेला एकमेव लेख असा वितळला.

राहिले काय? महारवतनाचा कागद. १९२० नंतरच्या दशकातल्या एका मोडी फेरफारात वतन जमिनीच्या हिश्शाची वारसनोंद आहे. पानाचा खालचा कोपरा कसरीने खाल्लेला आहे. मृताचे नाव अर्धे वाचता येते, पण शेवटचे ‘नाक’ स्पष्ट आहे आणि पुढे एक शब्द आहे : पेन्शनर. १९१७ ला भरती होऊन १९२१ ला घरी आलेल्या शिपायाला चार वर्षांच्या नोकरीवर सेवेचे पेन्शन मिळण्याची शक्यता कमी. म्हणून हा माणूस बहुधा १८९२ पूर्वीच्या भरतीतला असावा, म्हणजे पणजोबांचे वडील. ‘बहुधा’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. जखमेचेही पेन्शन असते, आणि तसे असेल तर माझे अनुमान कोसळते. त्याच नोंदीत त्याच्या विधवेचे नाव मात्र पूर्ण आहे. घरच्या कथेत ही बाई कोठेच नव्हती. तिचे नाव मला कागदाने दिले.

ज्या वतनाच्या गुलामगिरीतून सुटण्यासाठी हा माणूस पलटणीत गेला, त्याच वतनाच्या कागदाने त्याचे अर्धे नाव जपले. वतन म्हणजे गावाची राबणूक. ती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात विधेयक आणले आणि अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने संपली. वतनाचा गौरव करण्याचा प्रश्नच येत नाही. पण व्यवस्थेने आपली नोंद कोठे ठेवली हे पाहिले तर तिला आपला कोणता उपयोग होता हे कळते. राबण्याच्या कामी आपण लागत होतो, म्हणून तेथे आपले नाव आहे. आज चाकणच्या कारखानदारीमुळे या भागातल्या जमिनींना भाव आला आहे आणि वतनाचे जुने उतारे काढायला तरुण मुले कचेरीत जातात. ते जमिनीसाठी जातात, हक्काचेच आहे ते. त्यांनी त्याच उताऱ्यात ‘पेन्शनर’, ‘पलटणीत’, ‘गैरहजर’ असे शब्दही पाहावेत, एवढेच माझे म्हणणे.

आता लेखनाकडे येतो. सैनिक पूर्वजाविषयी लिहिताना आपल्याकडे दोन सवयी दिसतात. पहिली सवय पोकळी पराक्रमाने भरून काढण्याची. कागदावर काही नाही, मग आजोबाने एकट्याने दहा गोरे वाचवले अशी कथा तयार होते. यामागची वेदना मी समजू शकतो. ज्यांना इतिहास नाकारला गेला त्यांना तो भव्य हवा असतो. पण पोकळी भरली की ती कोणी केली हा प्रश्नही बुजून जातो. १८९२ चा निर्णय, १९२१ ची मोडतोड, नावाऐवजी आकडा कोरणारी पाटी, हे सगळे गुन्हे आपल्याच दंतकथेखाली झाकले जातात.

दुसरी सवय शरमेची. इंग्रजांची चाकरी केली, असा टोमणा मारला जातो आणि आपले काही लेखक त्याला घाबरून सैनिक पूर्वज गाळतात. हा टोमणा मारणाऱ्यांना विचारावे की त्याच सैन्यात मराठे, राजपूत, मुसलमान, शीख होते, पेशव्यांच्या फौजेत अरब होते. मग देशद्रोहाचा हिशेब एकट्या महाराकडून का मागता? ज्याला गावात देश म्हणून फक्त येसकरपाळी मिळाली, त्याने रोख पगार, शाळा आणि अंगावर गणवेश निवडला. त्या निवडीतून वलंगकरांचा अर्ज आला, सुभेदारांचा मुलगा आला. शरम वाटण्यासारखे त्यात काही नाही. मात्र इंग्रजाने आपले कल्याण केले असेही म्हणण्याचे कारण नाही. त्याने वापरले आणि टाकले, याची साक्ष त्याचे स्वतःचे दप्तर देते.

दया पवारांच्या ‘बलुतं’ने १९७८ साली आपल्याला एक गोष्ट शिकवली : स्वतःच्या घराविषयी न सजवता लिहिता येते, आणि तसे लिहिलेलेच टिकते. सैनिक पूर्वजाच्या बाबतीत ही शिकवण अजून अमलात यायची आहे. आजीने सांगितले ते आजीचे म्हणून लिहावे, कागदाने सांगितले ते कागदाचे म्हणून, आणि अनुमान असेल तेथे अनुमान म्हणावे. जेथे पान फाटलेले आहे तेथे पान फाटलेले आहे असेच लिहावे. यामुळे लेखन कोरडे होते असे काही मित्र म्हणतात. अर्धे खाल्लेले नाव आणि पुढे ‘पेन्शनर’ हा शब्द मला कोणत्याही रचलेल्या शौर्यकथेपेक्षा अधिक बोलका वाटतो. त्या अर्ध्या नावात पूर्ण व्यवस्था वाचता येते.

शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझी सूचना अशी. खेड, चाकण, जुन्नर, शिरूर या पट्ट्यातल्या महाविद्यालयांतून मुलांनी आपापल्या गावची वही करावी. घरात पदक असेल तर त्याच्या कडेवरची अक्षरे आजच उतरून घ्यावीत. फेरफार, कोतवाल बुक, शाळेचे जुने रजिस्टर पाहावे. बापाच्या धंद्याच्या रकान्यात ‘लष्कर’ लिहिलेले असू शकते. मोडी शिकावी, ते काम दोनचार महिन्यांचे आहे. विधवांची नावे टिपावीत. प्रत्येक नोंदीपुढे ती कशावरून घेतली ते लिहावे आणि जेथे काही नाही तो रकाना रिकामा ठेवावा. अशा पन्नास गावांच्या वह्या झाल्या तर सरकारने जी यादी केली नाही ती आपण केलेली असेल, आणि त्यातले रिकामे रकाने दाखवून सरकारला जाब विचारता येईल. माझ्या वहीतली पहिली नोंद मी अशी केली आहे : नाव अर्धे, शेवटी नाक; गाव खेड, जिल्हा पुणे; पेन्शनर; पलटणीचा रकाना रिकामा; आधार, वतनाचा फेरफार.